बाईंची दलाली

मंडळी, मागच्या आठवड्यात पुण्याहून भाच्याचा फोन आला. घर घेतोय. एजंटने फार पिडलंय म्हणाला. मग एकदम आठवल्यासारखं, "मावशी, तूपण हेच करायचीस ना गं? लिही ना त्यावर काहीतरी. मित्रांना सांगितलं तर विश्वासच बसत नाही कुणाचा."

विश्वास बसत नाही हे खरंच. चौतीस वर्षं मराठी आणि इतिहास शिकवलेली बाई निवृत्तीनंतर भजनी मंडळात जाते, नातवंडं सांभाळते, फार तर शिकवण्या घेते. मी जमिनीची दलाली केली. २०१० ते २०२२. गोंदिया शहर आणि आजूबाजूला आमगाव, गोरेगाव, तिरोडा, सालेकसा. आता एवढं सगळं सांगतेय तर तो शब्दही सरळच वापरते. लोक चारचौघांत 'एजंट' म्हणतात, पाठीमागे 'दलाल' म्हणतात. मराठीत या शब्दाला शिवीचा वास आहे. आमच्या ह्यांनी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा चष्मा काढून पुसला आणि पुन्हा घातला, बोलले काही नाही.

सुरुवात ठरवून झाली नाही. शाळेतल्या एका सहकारी बाईंना घर विकायचं होतं आणि माझ्या ओळखीत एकांना घ्यायचं होतं. दोघांची गाठ घालून दिली. रजिस्ट्री झाल्यावर त्यांनी पाकीट आणून दिलं, "बाई, हा तुमचा एक टक्का." मी नको म्हटलं. तर म्हणाल्या, "दुसऱ्याला दोन दिले असते, तुम्हाला एकच देतेय, माझा फायदाच आहे." हिशोब बिनतोड होता. पुढे गावोगावी माझे विद्यार्थी पसरलेले असल्याचा फायदा झाला. कुणी धानाचा व्यापारी, कुणी स्टॅम्प विकणारा, कुणी अर्जनवीस. "बाई सांगतात म्हणजे खोटं नसेल" हे एवढंच माझं भांडवल.

पहिली गंमत मोजमापाची. आमचा जिल्हा कोपऱ्यातला. एका बाजूला बालाघाट, दुसऱ्या बाजूला छत्तीसगड. इथे लहान तुकडा 'डिसमिल'मध्ये सांगतात. एकराचा शंभरावा भाग म्हणजे एक डिसमिल. पश्चिम महाराष्ट्रातला माणूस गुंठ्यात विचार करतो, एकराचे चाळीस गुंठे. सातबारा बोलतो हेक्टर-आरमध्ये. रजिस्ट्रीत चौरस मीटर येतात आणि शहरातल्या ले-आउटमध्ये चौरस फूट. जमीन एक आणि तिला नावं पाच!

एकदा सातारकडचं एक जोडपं आलं. मुलाची नोकरी इकडे, म्हणून गावठाणाला लागून एक अकृषक तुकडा पाहत होतं. मालक म्हणाला, "दहाचा तुकडा आहे, चाळीस हजाराच्या भावानं देऊन टाकतो." पाहुण्यांनी मनातल्या मनात गुणाकार केला, चार लाख. लगेच 'हो' म्हणाले. भाव न करता! मालकही खूश, पाहुणेही खूश. व्यवहारात दोघंही इतके खूश असले की माझ्या पोटात गोळा येतो. वर्गात सगळ्या मुलांनी एकदम "समजलं बाई" म्हटलं की यायचा तसाच.

मी वहीचा कागद फाडला आणि चौकोन काढला. "दहा काय?" मालक म्हणाला, "डिसमिल." पाहुणे म्हणाले, "गुंठे." एका गुंठ्याचे अडीच डिसमिल होतात. पाहुणे दहा हजार आठशे नव्वद चौरस फुटांचं स्वप्न पाहत होते, मालक विकत होता चार हजार तीनशे छप्पन्न. पाहुण्यांचा चेहरा उतरला. पण गंमत पुढे आहे. बाईसाहेब नवऱ्याला म्हणाल्या, "एवढ्या जागेत झाडलोट कोण करणार होतं? चार गुंठे पुरेत." आणि भाव करून, तीन लाख साठ हजाराला घेतलाच तो तुकडा. बयाना देताना इसारचिठ्ठीवर मी पाचही मापांत क्षेत्र लिहायला लावलं. अर्जनवीस हसला. माझाच विद्यार्थी, गणितात काठावर पास झालेला.

दुसरी गोष्ट पाण्याची. आमच्याकडे तलाव फार. गावचा मोठा तो तलाव, आणि शेतातला लहान तो 'बोडी'. यातले पुष्कळसे मालगुजारांच्या काळातले. मध्य प्रांतात मालगुजारी होती, तेव्हा गावाच्या धानाला पाणी मिळावं म्हणून ते बांधले गेले. कोहळी समाजाचं कसब त्यात मोठं. नवेगावबांधचा तलाव तर त्यांच्या कसबाची खूणच आहे. आम्ही तेव्हा मध्य प्रदेशात होतो, त्या सरकारने १९५० साली कायदा करून मालगुजारी संपवली आणि तलाव सरकारजमा झाले. कागदोपत्री नाव पडलं 'माजी मालगुजारी तलाव'. त्याचं संक्षिप्त रूप 'मामा तलाव'. बाहेरच्या माणसाला वाटतं कुणा मामाने बांधला!

तर, मे महिन्यात एक गृहस्थ रस्त्याजवळची दीड एकर जागा पाहायला आले. सपाट, स्वच्छ, एका बाजूला मातीची उंच पाळ, तिच्यावर बाभळी. पोरं क्रिकेट खेळत होती. गृहस्थ म्हणाले, "वा, मैदानच आहे! लेव्हलिंगचा खर्चही वाचला." विकणाऱ्याचा मुलगा मान डोलावत होता. मी त्या पोरांकडे गेले. मोठ्यांना विचारलं तर उत्तर विचार करून मिळतं, मुलांना विचारलं तर खरं मिळतं, हा चौतीस वर्षांचा अनुभव.

"काय रे, इथे रोज खेळता?"

"हव जी."

"आणि पावसाळ्यात काय खेळता?"

"पावसाळ्यात पोहतो ना जी, बाई!"

मैदान म्हणजे बोडीचा तळ होता. सातबाऱ्यावर 'पोटखराब' म्हणून एक रकाना असतो, लागवडीला नालायक क्षेत्र तिथे लिहिलेलं असतं. त्यातला आकडा चांगला ठळक होता, पण तो रकाना वाचतो कोण? गृहस्थ माझ्यावरच चिडले, "एवढ्या लांब आणलंत कशाला?" मी म्हटलं, पाहायला आणलं, पाहिलं. ते गेले. आणि पुढच्याच महिन्यात तीच जागा शेजारच्या शेतकऱ्याने घेतली, मुद्दाम बोडीसाठी. त्याच्या बांध्यांना पाणी कमी पडत होतं. एकाला जो खड्डा तो दुसऱ्याला आधार. तेव्हापासून माझा नियम झाला. धानाच्या मुलखातली जमीन मे महिन्यात पसंत करावी, पण बयाना भादव्यात पुन्हा पाहून द्यावा.

भादव्यावरून सारसाची आठवण आली. महाराष्ट्रात सारस पक्षी उरले आहेत ते मुख्यत्वे आमच्या गोंदियात. जवळजवळ माणसाएवढा उंच, लाल मानेचा, कायम जोडीने फिरणारा. पावसाळ्यात उभ्या धानात, पाण्यात गवताचा ढीग रचून घरटं करतो. अंडी बहुधा दोन, आणि उबवायला महिनाभर.

एक व्यवहार जवळजवळ पक्का झाला होता. घेणारा भंडाऱ्याकडचा शेतकरीच, पण त्याला रस्त्याकडेच्या बांध्यांत परवानगी काढून गोदाम करायचं होतं. रजिस्ट्री झाली की लगेच मुरूम टाकायचा म्हणत होता. भाव ठरला, तारीख ठरली. आणि विकणारा म्हातारा अडून बसला. "रजिस्ट्री आत्ता करा जी, पण ताबा धान कापल्यावर." का? तर सांगेना. घेणाऱ्याला वाटलं काहीतरी काळंबेरं आहे, कुणाचा दावा असेल, वहिवाट असेल. मलाही तसंच वाटलं. शेवटी म्हाताऱ्याला बाजूला घेतलं. हळूच म्हणाला, "सारस बसला आहे जी, बाई. त्याले उठवाचं कसं?"

लोक हसतील म्हणून तो सांगत नव्हता. घेणारा खरोखर हसला. मी म्हटलं, चला, बघून तर येऊ. धुऱ्यावरून लांबूनच पाहिलं. एक बसलेला, दुसरा चार बांध्या पलीकडे उभा, आमच्याकडे रोखून बघत. मग नर ओरडला, मादीने साथ दिली. तो आवाज ज्याने ऐकलाय त्यालाच कळेल. गोदामवाला बराच वेळ काही बोलला नाही. परत येताना एवढंच म्हणाला, "लिहा बाई, कापणीनंतर ताबा." इसारचिठ्ठीत मी लिहवलं, 'उभे पीक निघेपर्यंत ताबा विक्रेत्याकडे राहील.' पक्ष्याचं नाव घातलं नाही, कागदाला कारण लागत नाही. दिवाळीनंतर ताबा दिला तेव्हा पिल्लू एकच वाचलं होतं, पण आईबापामागे चालत होतं. गोदाम झालं. आता तिथे सारस येत नाही. तेही सांगायला हवं, नाहीतर गोष्ट फार गोड होईल.

सगळेच अनुभव असे सांगण्यासारखे नसतात. सालेकसा, देवरी भागात स्वस्त जमीन मिळेल का असं विचारणारे बरेच यायचे. ती जमीन बहुतेक गोंड, हलबा कुटुंबांची. महसूल कायद्याच्या कलम ३६-अ प्रमाणे आदिवासीची जमीन बिगरआदिवासीला विकायची तर शासनाची मान्यता आणि जिल्हाधिकाऱ्यांची मंजुरी लागते. १९७४ साली हा बंदोबस्त का करावा लागला ते इतिहासाची शिक्षिका म्हणून मला ठाऊक होतं. त्याच सुमारास दुसरा कायदा करून १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात आदिवासींच्या हातून गेलेल्या जमिनी परत देण्याची तरतूद करावी लागली, एवढ्या त्या गेल्या होत्या. एक साहेब म्हणाले, "त्यात काय, आमच्याकडे कामाला त्यांच्यातलाच एक आहे, त्याच्या नावावर घेऊ." मी चहा दिला आणि दुसरा विषय काढला. त्यांना कळलं. नाही कळलं तरी चालणार होतं, पुन्हा मी फोन उचलला नाही.

आता थोडं स्वयंपाकघराविषयी. पुरुष दलाल ओसरीवर बसतो, मी आत जाऊ शकत असे. ओसरीवर भाव चालतो आणि आत खरी बातमी असते. विहीर कधी आटते, शेजारी कसा आहे, मोठ्या दिराने सही द्यायला नकार का दिलाय, सगळं चुलीजवळ. गोंदिया शहरात एक जुनं घर विकायचं होतं. काका पत्रिका, पावत्या घेऊन तयार. चाळीस वर्षं नगरपरिषदेचा टॅक्स भरतोय, म्हणजे मालक मीच. मी आखिव पत्रिका मागितली. सत्ताप्रकार पाहिला तर जमीन नझूलची, म्हणजे सरकारची, पट्ट्याने दिलेली आणि पट्ट्याची मुदत केव्हाच संपलेली! टॅक्सची पावती म्हणजे मालकी नव्हे, हे कितीतरी शिकलेल्या लोकांना ठाऊक नसतं. काका खुर्चीत बसून राहिले. मी पाणी आणायला आत गेले तर काकू ओट्याशी उभ्या. डोळे भरलेले, पण चेहरा हसरा. "म्हणजे आता विकता नाही येणार ना हो बाई?" त्यांना जायचंच नव्हतं नागपूरच्या फ्लॅटमध्ये. कुणी विचारलंच नव्हतं. पुढे २०१९ मध्ये नागपूर-अमरावती विभागातल्या नझूल जमिनी मालकी हक्काने करून देण्याचं धोरण आलं, आणि काकांनी घर रीतसर नावावर करून घेतलं. विकलं मात्र नाही. दोघंही त्याच घरात आहेत.

'कुणी विचारलंच नव्हतं' यावरून शेवटची गोष्ट. ही सांगू की नको असं बरेच दिवस चाललं होतं. गाव, आडनाव सांगत नाही.

आमगाव तालुक्यातली पाच एकर धानाची जमीन. वडील वारलेले, तीन भाऊ, एक बहीण, आई. फेरफारात पाचही नावं चढलेली. बहीण बालाघाटकडे दिलेली. भाऊ म्हणाले, "तिची काळजी नका करू, ती हक्कसोड देईल." असं सगळेच म्हणतात. मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत जन्माने हक्क महाराष्ट्राने १९९४ सालीच दिला, साऱ्या देशाने २००५ साली. पण आमच्याकडे बहीण राखी बांधते, ओवाळते आणि हक्कसोड देते, अशी रीतच आहे. तेव्हा दोनशे रुपयांच्या स्टॅम्पवर बापाच्या जमिनीतून मुलीचं नाव निघून जात असे.

ठरल्या दिवशी सकाळच्या गाडीने ती आली. पाहते तर माझीच विद्यार्थिनी. नववीत लग्न झालं म्हणून शाळा सुटलेली. निबंध सुरेख लिहायची. अर्जनवीसाने भराभर वाचलं, कुठे सही करायची तिथे खुणा केल्या. तिने पेन हातात घेतलं आणि मग माझ्याकडे पाहून म्हणाली, "बाई, तुम्ही एकदा वाचून दाखवा ना. वर्गात वाचत होत्या तसं."

मी वाचलं. धडा वाचावा तसं, विरामचिन्हं पाळून. 'माझ्या राजीखुशीने, कोणाच्याही दबावाशिवाय, कोणताही मोबदला न घेता...' इथे ती थांबवून म्हणाली, "मोबदला म्हणजे?" मी अर्थ सांगितला. "आणि राजीखुशी म्हणजे माझीच ना?" मी म्हटलं, हो, तुझीच. तिने पेन टेबलावर ठेवलं. भावांकडे वळून इतकंच म्हणाली, "मले कोणी विचारलं होतं का जी?" आई खाली मान घालून बसली होती.

त्या दिवशी रजिस्ट्री झाली नाही. घेणारा बयाना परत घेऊन गेला. मोठा भाऊ मला म्हणाला, "बाईंनी शिकवलं हे." शिकवलं काहीच नव्हतं, लिहिलेलं वाचलं होतं. सात-आठ महिन्यांनी जमीन विकली गेली, दुसऱ्या कुणामार्फत. तिला आणि आईला त्यांचा हिस्सा मिळाला. मला दलाली मिळाली नाही, त्याचं काही नाही. पण त्या वर्षी राखीच्या दिवशी तिचा फोन आला. "हिस्सा मिळाला, बाई. माहेर गेलं." आणि थोड्या वेळाने, "तुम्ही वाचलं नसतं तर बरं झालं असतं का जी?"

मला उत्तर देता आलं नाही. आजही नाही येत. एवढंच ठाऊक आहे की पुन्हा कुणी "वाचून दाखवा" म्हटलं तर मी वाचीन, आणि तसंच वाचीन. दोन वर्षांनी आई मुलीकडे राहायला गेली, आपल्या हिश्शाचे पैसे घेऊन. धाकटा भाऊ दिवाळीला आईला भेटायला तिथे जातो. थोरले दोघं अजून जात नाहीत.

त्यानंतरच्या प्रत्येक व्यवहारात मी एक गोष्ट करत आले. सहीच्या आधी सगळा कागद मोठ्याने वाचायचा, आणि घरातली म्हातारी, मुलगी, सून, जी कुणी असेल ती समोर बसलेली हवी. दोन व्यवहार यामुळे मोडले. बाकीचे पक्के झाले.

काळ आता बदललाय. २०१७ मध्ये महारेरा आलं, नोंदणीकृत प्रकल्पांत काम करणाऱ्या एजंटांनाही नोंदणी आली. मी जुनी घरं आणि जमिनी यांच्यापुरतीच होते. २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा घरबसल्या निघू लागला आणि माझ्या तलाठी कार्यालयाच्या निम्म्या चकरा वाचल्या. २०२३ मध्ये तर एजंटांना प्रशिक्षण घेऊन परीक्षा द्यायची सक्ती झाली. मी आदल्या वर्षीच गुडघ्यांपायी काम थांबवलं होतं. आयुष्यभर पेपर तपासलेल्या बाईने सत्तरीनंतर एक पेपर द्यायचा, हा योग थोडक्यात हुकला बघा!

असो. भाच्याला सांगायचं ते एवढंच. क्षेत्र आकड्यात नको, मापासकट लिहून घे. सातबारा किंवा पत्रिकेचा प्रत्येक रकाना वाच, रिकामा असला तरी. आजूबाजूच्या पोरांशी बोल. आणि विकणाऱ्याच्या घरी गेलास की चहा आत जाऊन घे, तुला नाही जमलं तर सूनबाईला पाठव.

मंडळी, तुमच्याकडे जमीन कशात मोजतात हो? गुंठा, बिघा, आणखी काही? जरूर लिहा. आणि हक्कसोडीचे कागद तुमच्या घरी कुणी मोठ्याने वाचले होते का, तेही सांगा.